माव्याची धाव बांधापर्यंत

केळीची बाग लांबून हिरवीगार दिसते. जवळ गेल्यावर मात्र एखादे झाड वेगळे भासते. त्याची नवी पाने आखूड, अरुंद आणि ताठ असतात. ती ऐसपैस पसरण्याऐवजी शेंड्याशी एकमेकांना चिकटून उभी राहतात, जणू कोणी त्यांची जुडी बांधून ठेवली आहे. पान उन्हाकडे धरून खालच्या बाजूने पाहिले, तर शिरांवर गडद हिरवे ठिपके आणि रेघा दिसतात, जुन्या तारखात्यातल्या ‘कट्ट-कडकट्ट’ संदेशासारख्या. असे झाड लहानपणीच ग्रासले गेले, तर त्याला घड लागत नाही. थोडे मोठे झाल्यावर लागण झाली, तर घड खोडातच अडकतो किंवा वेडावाकडा, चिमुकला बाहेर पडतो. हा केळीचा पर्णगुच्छ रोग. इंग्रजी नावावरून बागायतदार त्याला ‘बंची टॉप’ म्हणतात. केळीवरच्या विषाणूजन्य रोगांत सर्वांत विध्वंसक म्हणून तो जगभर ओळखला जातो. एकदा लागण झालेले झाड बरे होत नाही.

हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो मावा. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा हा काळपट तपकिरी कीटक अगदी जवळच्या जवळ फिरतो. तरीही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या रोगाने प्रशांत महासागरातील बेटांपासून ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, भारत आणि आफ्रिकेपर्यंत मजल मारली. जो कीटक धड दोन शेते ओलांडत नाही, त्याचा रोग समुद्र कसे ओलांडतो? या प्रश्नाच्या उत्तरातच हा रोग आवरण्याचे सूत्र आहे. डेंगी आणि चिकुनगुनियाशी दर पावसाळ्यात झुंजणाऱ्या आपल्या शहरांनाही त्यातून काही शिकता येईल.

फिजीतून निघालेली वाट

पर्णगुच्छाची पहिली ठळक नोंद फिजी बेटांवरची, १८८९ ची. तेव्हा फिजीतून केळीची निर्यात जोरात होती. १८९२ मध्ये जवळपास आठ लाख घड जहाजांनी बाहेर गेले. अवघ्या तीन वर्षांत ही निर्यात पाचव्या हिश्शाच्याही खाली घसरली.

१९१३ च्या सुमारास फिजीतून आणलेल्या मुनव्यांबरोबर हा रोग ऑस्ट्रेलियात शिरला, असे मानले जाते. त्यानंतरच्या वर्षांत न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला आणि लगतच्या क्वीन्सलँडमध्ये केळीची लागवड झपाट्याने वाढली. लावणाऱ्यांत पहिल्या महायुद्धावरून परतलेले सैनिकही होते. वाढत्या लागवडीला मुनवे हवे होते आणि ते शेजारच्या, ओळखीच्या, मिळेल त्या बागेतून येत होते. १९२२ मध्ये त्या पट्ट्यात जेवढ्या क्षेत्रावर केळी उभी होती, त्यातले सुमारे ९० टक्के क्षेत्र १९२५ पर्यंत उत्पादनातून बाद झाले. कर्ज काढून बागा लावलेली कुटुंबे गाव सोडून गेली.

कारण कोणालाच नीट कळत नव्हते. मुळांवरच्या सूत्रकृमींपासून जमिनीच्या कसापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. न्यू साउथ वेल्सच्या कृषी खात्यातील तरुण वनस्पती-रोगतज्ज्ञ सी. जे. पी. मॅगी यांनी याचा छडा लावला. त्यांनी रोगट झाडावरचा मावा निरोगी रोपांवर सोडला आणि वाट पाहिली. त्या रोपांना रोग झाला. मावा न सोडलेली रोपे निरोगी राहिली. रोगट झाडाच्या मुनव्यातून आलेले रोप मात्र मावा नसतानाही रोगटच निघाले. १९२७ मध्ये मॅगी यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोपर्यंत विषाणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तो दाखवू शकणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्र अजून जन्मायचे होते. तरीही रोग कसा पसरतो हे कळले आणि त्याच्या बंदोबस्ताला तेवढे पुरेसे ठरले. साथीच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पटकीच्या साथीचे मूळ एका पाण्याच्या पंपाशी जोडले, तेव्हाही पटकीचा जंतू वैद्यकाला परिचित नव्हता.

माव्याच्या पोटात काय घडते?

केळीवरचा मावा पानांच्या देठांच्या खोबणीत, खोडाच्या तळाशी आणि कोवळ्या मुनव्यांवर दाटीवाटीने राहतो. सुईसारखी सोंड झाडात खुपसून तो अन्नरस शोषतो. त्याने टाकलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याच्याभोवती जमतात आणि त्याची राखणही करतात. त्यामुळे केळीच्या बुंध्यावर मुंग्यांची रांग दिसली, तर मावा जवळपास असण्याची दाट शक्यता. उष्ण प्रदेशात माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले देतात. गर्दी वाढली की काही पिल्लांना पंख फुटतात आणि ती नव्या झाडाकडे निघतात.

रोगट झाडाचा रस काही तास शोषल्यावर विषाणू माव्याच्या पोटात जातो. आतड्याची भिंत ओलांडून तो शरीरातील द्रवात येतो आणि तिथून लाळग्रंथींत पोहोचतो. पुढे हा मावा निरोगी झाडावर बसला की लाळेबरोबर विषाणू त्या झाडात उतरतो. त्यासाठी पाव तासही पुरतो. एकदा बाधित झालेला मावा पुढचे पंधरा-वीस दिवस, म्हणजे जवळपास उरलेले आयुष्यभर, रोग देऊ शकतो.

डेंगीच्या डासाशी याचे बरेच साम्य आहे. तिथेही विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत जातो आणि बाधित डास आयुष्यभर धोकादायक राहतो. एक फरक मात्र महत्त्वाचा. डेंगीचा विषाणू डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याला लाळेपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. पर्णगुच्छाचा विषाणू माव्यात वाढत नाही, फक्त प्रवास करतो. बाधित माव्याची पिल्लेही निरोगी जन्मतात. रोगट झाडावर बसल्याखेरीज त्यांना विषाणू मिळत नाही. याचा अर्थ असा की या रोगाचा खरा साठा माव्यात नसून झाडात असतो. रोगट झाड गेले की माव्याची पुढची पिढी निरुपद्रवी होते.

विषाणू अतिशय लहान आहे, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा. त्याची जनुकीय सामग्री सहा छोट्या, वर्तुळाकार डीएनए तुकड्यांत विभागलेली असते. त्याच्या रचनेचा हा उलगडा १९९० च्या दशकात झाला, मॅगींच्या प्रयोगानंतर जवळपास सत्तर वर्षांनी.

झाडात शिरलेला विषाणू लगेच ओळखू येत नाही. लागण झाल्यावर साधारण तीन-चार नवी पाने येईपर्यंत झाड निरोगी दिसते. उन्हाळ्यात हा काळ महिनाभराचा असतो. थंडीत पाने हळू येतात, म्हणून तो लांबतो. माणसाच्या आजारात याला अधिशयन काळ म्हणतात. या काळात झाड डोळ्यांना फसवते आणि नेमके याच काळात त्याचे मुनवे काढून दुसरीकडे लावले जाण्याचा धोका असतो.

पंधरा मीटर आणि हजारो किलोमीटर

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माव्याची धाव बांधापर्यंत. ऑस्ट्रेलियात आर. एन. ॲलन यांनी बागांमधील रोगट झाडांच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासून हे अंतर मोजले. माव्यामुळे होणारा प्रसार सरासरी अवघ्या १५ ते १७ मीटरचा निघाला. नव्या रोगट झाडांपैकी सुमारे दोन-तृतीयांश झाडे जवळच्या जुन्या रोगट झाडापासून २० मीटरच्या आत होती आणि ९९ टक्के झाडे ८६ मीटरच्या आत. म्हणजे हा रोग मुख्यतः शेजारधर्म पाळतो.

मग उरलेले अंतर कोण कापतो? माणूस. केळीला लागवडीयोग्य बी नसते. नवी बाग लावायची तर जुन्या झाडाचा कंद किंवा मुनवा लागतो. मातृझाड रोगट असेल, तर त्याच्या बेटातला प्रत्येक मुनवा आज ना उद्या रोगट निघतो. तो बैलगाडीतून शेजारच्या गावी जातो, ट्रकमधून दुसऱ्या राज्यात जातो आणि जहाजातून दुसऱ्या खंडात पोहोचतो. तिथल्या बागांत हाच मावा बहुधा आधीपासून असतोच. तो नव्या विषाणूला पुढच्या झाडापर्यंत पोहोचवतो.

डेंगीचे गणितही असेच आहे. एडिस डास बहुतेक वेळा आपल्या घराच्या शे-दोनशे मीटरच्या परिसरातच आयुष्य काढतो. पुण्याचा डेंगी साताऱ्याला जातो तो एसटीत बसलेल्या माणसाच्या रक्तातून. ताप चढण्याच्या आदल्या दिवशीही त्याच्या रक्तात विषाणू असू शकतो. कीटक गल्ली सांभाळतो, वाहतूक जग सांभाळते.

पर्णगुच्छाचा नकाशा वर्षांच्या क्रमाने मांडला, तर तो माणसाच्या येण्याजाण्याचाच नकाशा दिसतो. इजिप्तमध्ये १९०१, श्रीलंकेत १९१३, भारतात १९४० च्या सुमारास केरळमधील कोट्टायमचा परिसर. केरळात तो श्रीलंकेहून आला, असे मानतात. पुढे तो तमिळनाडूत आणि इतर राज्यांत पसरला. आफ्रिकेत मलावीतील केळीला १९९० च्या दशकापासून त्याने घेरले. २०१० नंतर तो पश्चिम आफ्रिकेत बेनिनमध्ये आढळला आणि २०२० मध्ये युगांडात. युगांडात केळी हे फळ म्हणून खाण्यापेक्षा शिजवून, रोजचे जेवण म्हणून खाल्ली जाते. तिथे केळीचा रोग हा थेट ताटातल्या अन्नाचा प्रश्न आहे.

विषाणूच्या जनुकांचा अभ्यासही हीच साक्ष देतो. जगभरचे नमुने दोन मोठ्या गटांत पडतात. फिलिपिन्स, तैवान, व्हिएतनाम या भागांतले विषाणू एका गटात येतात. फिजी, ऑस्ट्रेलिया, हवाई, इजिप्त, आफ्रिका आणि भारत यांचे विषाणू दुसऱ्या गटात येतात आणि एकमेकांचे जवळचे नातलग निघतात. हजारो मैलांच्या समुद्राने वेगळ्या झालेल्या बागांत एकाच कुळाचा विषाणू सापडतो, तो मावा उडत गेला म्हणून नव्हे. मुनव्यांची देवाणघेवाण झाली म्हणून.

पळणीच्या डोंगरातील केळी

भारतात या रोगाने केलेली सर्वांत मोठी हानी तमिळनाडूतील पळणीच्या डोंगरउतारांवर झाली. तिथे कॉफीच्या मळ्यांतून ‘विरूपाक्षी’ नावाची डोंगरी केळी घेतली जाते. तिचा गर घट्ट, गोड आणि कमी पाण्याचा असतो, म्हणून ती टिकते. पळणीच्या मुरुगन मंदिरातील प्रसिद्ध पंचामृत याच केळीचे करतात. या डोंगरांत एकेकाळी सुमारे १८ हजार हेक्टरांवर ही केळी होती. पर्णगुच्छामुळे ते क्षेत्र सुमारे २ हजार हेक्टरांपर्यंत आले. डोंगरी बागा वर्षानुवर्षे त्याच जागी उभ्या राहतात आणि नवे मुनवे जुन्याच बेटांतून घेतले जातात. विषाणूला याहून सोयीची व्यवस्था मिळणे कठीण. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने पुढे विषाणूची चाचणी करून निवडलेल्या झाडांपासून ऊतिसंवर्धनाने रोपे तयार केली आणि ती शेतकऱ्यांना दिली. त्यातून काही डोंगरउतारांवर विरूपाक्षी पुन्हा उभी राहिली.

खानदेशातला दुसरा विषाणू

महाराष्ट्रात केळी म्हटले की जळगाव आठवते. रावेर-यावल पट्ट्यात अलीकडच्या वर्षांत शेतकऱ्यांना कोवळ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. त्यामागे मुख्यतः वेगळा विषाणू होता, कुकुंबर मोझॅक, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीत ‘सीएमव्ही’. खानदेशात या रोगाला ‘हरण्या’ असेही म्हणतात. पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, पाने आकसतात आणि कधी पोंगा सडतो. हा विषाणूही मावाच पसरवतो, पण त्याची रीत अगदी निराळी आहे आणि ती समजून घेतली नाही, तर औषधांचा खर्च पाण्यात जातो.

सीएमव्ही माव्याच्या पोटात शिरतच नाही. तो फक्त सोंडेच्या टोकाला चिकटतो. रोगट झाडाची चव घ्यायला माव्याने काही सेकंद सोंड टोचली तरी विषाणू मिळतो, पुढच्या झाडावर तेवढ्याच वेळात तो पोहोचतो आणि काही तासांत सोंडेवरून निघूनही जातो. वाटेवर टेकलेले, केळीवर न राहणारे मावेही हे काम करतात. ऐंशीहून अधिक जातींचे मावे हा विषाणू पसरवू शकतात. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि बांधावरची अनेक तणे त्याला आसरा देतात.

अशा रोगात केवळ कीटकनाशकावर भिस्त ठेवून भागत नाही. फवारलेल्या झाडावर बसलेला मावा मरतो, पण मरण्याआधी त्याने सोंड टोचलेली असते. म्हणून सीएमव्हीसाठी केळीच्या आत किंवा शेजारी काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची न घेणे, तण काढणे आणि रोगट रोप दिसताच नष्ट करणे यांना जास्त महत्त्व आहे. पर्णगुच्छात माव्याला बराच वेळ बसून रस शोषावा लागतो, त्यामुळे तिथे मावा मारण्याचा उपयोग होतो. दोन्ही रोगांत वाहक मावाच असला, तरी उपाय वेगळे.

या दोन्ही रोगांसाठी भारतात अंतर्गत वाहतूकबंदीचे नियम १९१४ च्या केंद्रीय कायद्याखाली केलेले आहेत. पर्णगुच्छासाठी आसाम, केरळ, ओडिशा, तमिळनाडू आणि पश्चिम बंगालमधून केळीची रोपे व कंद बाहेर नेण्यावर बंधन आहे. मोझॅकसाठी हेच बंधन महाराष्ट्र आणि गुजरातवर आहे. नियम कागदावर आहेत, मुनव्यांच्या गाड्या मात्र रात्रीही धावतात. जळगावच्या परिसरातही आता पर्णगुच्छ आढळला आहे.

उपटण्याचे धैर्य

ऑस्ट्रेलियाने १९२० च्या दशकाअखेर जो मार्ग धरला, तो आजही या रोगावरचा सर्वांत यशस्वी मार्ग मानला जातो. बागांची नोंदणी झाली. निरीक्षक ठरावीक काळाने प्रत्येक बाग फिरून पाहू लागले. रोगट झाड सापडले की संपूर्ण बेट नष्ट करणे सक्तीचे झाले. परवानगीशिवाय मुनवे हलवण्याला बंदी आली. १९३० च्या दशकात त्या भागातील केळी पुन्हा उभी राहिली. रोग समूळ गेला नाही, तो दक्षिणेकडच्या पट्ट्यात आजही अधूनमधून सापडतो आणि पाहणी आजही चालू आहे. पण ऑस्ट्रेलियाची बहुतांश केळी ज्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये होते, तिथे तो शंभर वर्षांत पोहोचू शकलेला नाही.

बेट नष्ट करण्याची पद्धतही शास्त्रोक्त हवी. आधी झाडावरचा मावा औषधाने मारायचा आणि मगच ते खणून काढायचे. घाईने आधी झाड तोडले, तर बिथरलेला मावा शेजारच्या झाडावर जातो आणि रोग थांबवण्याचा प्रयत्नच रोग पसरवतो. जमिनीत कंदाचा तुकडा राहिला तर त्यातून रोगटच कोंब येतो, म्हणून कंद पूर्ण काढावा लागतो.

हवाईचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे १९८९ मध्ये ओआहू बेटावर रोग सापडला आणि पुढच्या तेरा-चौदा वर्षांत इतर मोठ्या बेटांवर पोहोचला. व्यावसायिक बागा तपासता येत होत्या, पण परसदारी लावलेल्या केळींची मोजदाद कोण ठेवणार? कोणाच्या अंगणातले एखादे आखूड पानांचे झाड घड देत नाही म्हणून कोणी उपटत नव्हते आणि ते मूकपणे मावा पोसत राहत होते. गच्चीवरच्या एका विसरलेल्या कुंडीतले पाणी जसे साऱ्या सोसायटीला डेंगी देते, तसेच हे.

या साऱ्यात अवघड प्रश्न विज्ञानाचा उरत नाही. आपल्या बागेतले झाड उपटायचे ते बहुतांशी शेजाऱ्याची बाग वाचावी म्हणून. झाड उभे करायला पैसा गेलेला असतो, शेजारची झाडे हिरवी दिसत असतात, कदाचित आपले झाडही सुधारेल अशी आशा असते. प्राण्यांसारखी प्रतिपिंडे झाडाच्या शरीरात तयार होत नाहीत, त्यामुळे ही आशा खरी होत नाही. एकट्या शेतकऱ्याने हा भार सोसावा, अशी अपेक्षा ठेवली तर लपवाछपवी वाढते. माणसांच्या साथींतही रुग्ण लपवले जातात ते बहुधा रोजगार बुडण्याच्या भीतीने. म्हणून गावपातळीवरची एकत्र पाहणी, वेळेवर मिळणारी भरपाई आणि खात्रीची रोपे या तिन्ही गोष्टी एकदम लागतात.

ऊतिसंवर्धित रोपे हा मोठा आधार आहे, पण ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे. मातृझाडाची विषाणूसाठी चाचणी झालेली नसेल, तर प्रयोगशाळा एका रोगट कंदापासून हजारो रोगट रोपे तितक्याच कौशल्याने तयार करते. रोपे घेताना विषाणू-चाचणीचे प्रमाणपत्र मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे आणि गरजही.

फळे खाणाऱ्यांनी मात्र चिंता करू नये. हे विषाणू वनस्पतींचे आहेत, ते माणसाला बाधत नाहीत. रोगट झाडाचे केळे खाण्यात आल्याने कोणताही आजार होत नाही. सामान्य वाचकाचा या साखळीशी संबंध वेगळ्या जागी येतो. गावाहून परतताना पिशवीत घातलेला केळीचा मुनवा आणि ‘आमच्याकडची जात फार गोड’ म्हणून नातेवाइकांना दिलेला कंद यांनीच हा रोग फिजीपासून पळणीपर्यंत आणला आहे. परसात केळी लावायची हौस असेल, तर रोप तपासलेले घ्यावे. अंगणातल्या केळीची पाने आखूड होऊन शेंड्याशी जुडी झालेली दिसली, तर तालुका कृषी कार्यालयाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे आणि त्या बेटातला मुनवा कोणालाही देऊ नये.